गंगाजळात भिजलेलं बी

प्रयागबाईच्या मळ्यातली भेंडी उगवली नाही, हे शेलूबाजारात ज्यानं ऐकलं त्यानं आधी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं. विहीर आटते, कापसावर अळी पडते, विहिरीवरचं इंजिन ऐन उन्हाळ्यात बंद पडतं, हे सगळं लोकांनी पाहिलेलं होतं. पण प्रयागबाईची उन्हाळी भेंडी उगवली नाही, असं कोणी पाहिलेलं नव्हतं. मोठ्या दुष्काळाच्या सालीसुद्धा तिनं डोक्यावरून हंडे आणून दोन वाफे जगवले होते. त्या सालाला आता तीनएक वर्षं झाली होती, तरी बाजारातल्या बाया त्या भेंडीची आठवण काढत. सासूच्या सासूपासून चालत आलेलं बी होतं ते. झाड बुटकं, फळ पाचधारी आणि कोवळं, बोटाला काटा म्हणून लागायचा नाही.

आणि आता वाफे नुसते ओले आणि काळे पडून होते.

तिच्या थोरल्या लेकानं, पंजाबरावानं, वाफ्यात उकिडवं बसून बोटानं माती उकरली. पेरलं होतं तिथंच बी सापडलं. त्यानं ते नखात धरून दाबलं. आतून मऊ, घाण वासाचं पीठ बाहेर आलं. त्यानं दुसरं उकरलं, तिसरं उकरलं, दुसऱ्या वाफ्यात जाऊन उकरलं.

"माय, बी मेलं," तो म्हणाला. "पुरं मेलं. एक दाणा जित्ता नाही."

प्रयागबाई बांधावर बसली होती. तिनं वाफ्याकडे पाहिलं नाही. तिची नजर थेट विहिरीकडे गेली. तिथं तिची धाकटी सून वच्छला पाठमोरी बसून भांडी घासत होती.

"मरन नाही तं काय होईन," प्रयागबाई म्हणाली, आणि विहिरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "हात कोणाचा लागला त्याले!"

वच्छलाचा भांड्यावरचा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

त्याचं असं होतं. वच्छलाचा नवरा शेषराव काविळीनं गेला त्याला दोन पावसाळे झाले होते. मूलबाळ नव्हतं. त्या घरात एक रीत होती, की कपाळ पुसलेल्या बाईनं बियाण्याला हात लावायचा नाही. खुरपावं, पाणी द्यावं, तोडावं, पाटी घेऊन बाजारात बसावं. बियाण्याला मात्र शिवायचं नाही. ही रीत प्रयागबाईनं वच्छलासाठी काढली नव्हती. तिचा स्वतःचा नवरा गेला त्या दिवसापासून ती स्वतः ती पाळत होती. ज्या बाईला नुसत्या चिमटीत बी घेऊन ते नवं की जुनं कळायचं, तिनं नवरा गेल्यावर एक दाणाही बोटांत धरला नव्हता. सगळं बियाणं थोरल्या सुनेच्या, गोजराच्या, हाती दिलं होतं. प्रयागबाई लांब बसून सांगायची आणि गोजरा करायची.

यंदा गोजरा बाळंतपणाला माहेरी शिरपूरला गेली. संक्रांतीच्या सुमारास प्रयागबाई नातू पाहायला तिच्याकडे गेली आणि चार दिवस तिथंच राहिली. इकडे बियाण्याच्या शेंगा झाडावरच वाळून तडकायला लागल्या. वच्छलानं पाहिलं, की अजून दोन दिवस गेले तर बी मातीत सांडेल. तिनं शेंगा तोडल्या, फोडल्या, बी पाखडून फडक्यात बांधलं.

प्रयागबाई परत आली तेव्हा फडकं खुंटीला टांगलेलं होतं. हे कोणी बांधलं, ते तिला लगेच कळलं. पण ती काही बोलली नाही. पंजाबराव वाशीमला सभांना जाणारा, विटाळ-बिटाळ म्हटलं की हसणारा माणूस. त्याला सांगितलं असतं तर त्यानं आईलाच चार शब्द ऐकवले असते. म्हणून तिनं आपल्या मनानं उपाय केला. शेजारच्या रामीबाईनं काशीहून तिला गंगेच्या पाण्याची तांब्याची डबी आणून दिली होती. मरताना तोंडात घालायला म्हणून ती तिनं देव्हाऱ्यात जपून ठेवली होती. ती तिनं फोडली. पितळेच्या गुंडीत विहिरीचं पाणी घेतलं, त्यात सगळं गंगाजळ ओतलं आणि बी फडक्यासकट त्यात सोडलं. बियाला स्वतःचा हात लागू दिला नाही.

रात्रभर भिजवून सकाळी सावलीत वाळवायचं, असं तिच्या मनात होतं. भेंडीचं बी एक रात्र भिजवायची पद्धत होतीच. पण दुसऱ्या दिवशी अमावस्या. अमावस्येला बियाणं घराबाहेर काढत नाहीत. म्हणून ते आणखी एक दिवस आणि आणखी एक रात्र पाण्यात राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं फडक्याचं तोंड उघडलं तर प्रत्येक बियाला एक पांढरं टोक आलेलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गंगेनं बी पावन करून घेतलं, असं तिला वाटलं.

इंजिन तेव्हा वाशीमला दुरुस्तीला गेलेलं, वाफे कोरडे. लगेच पेरणं शक्य नव्हतं. पंजाबरावाला कळू नये म्हणून तिनं ते बी मागच्या पत्र्यावर कडक उन्हात पसरलं आणि लवकर वाळवून पुन्हा खुंटीला टांगलं. ती पांढरी टोकं वाळून कोंड्यासारखी गळून पडली. दुसऱ्या कोण्या बाईनं मोड आलेलं बी असं उन्हात टाकलं असतं, तर प्रयागबाईनं तिला बांधावरच झापलं असतं. पण हे बी तिला साधं वाटत नव्हतं. गंगेत न्हालेल्या बियाला ऊन काय करणार?

पुढं पंजाबरावानं ते पेरलं. आणि आता ते नखात दाबलं तर पीठ निघत होतं. तरीही प्रयागबाईच्या मनात गुंडी, अमावस्या, पत्रा यांतलं काहीच आलं नाही. तिच्या मनात एवढंच आलं, की वच्छलाचा हात इतका वाईट आहे, की गंगेलाही तो धुता आला नाही.

गाव काय, तयारच होतं. पाण्यावर जाणाऱ्या बाया वच्छलाला वाट सोडून उभ्या राहायला लागल्या. पंजाबराव सभेत बोलायचा तसं घरात काही बोलला नाही. हंगाम गेला होता, आणि कोणावर तरी तो फोडायचा होता. प्रयागबाईनं किन्हीराजा गावी वच्छलाच्या भावाकडे, दौलतकडे, निरोप धाडला: तुमची बहीण घेऊन जा, आमच्या घराले झेपत नाही.

वच्छलानं आपणहून तुळशीला पाणी घालणं सोडलं. वासराला चारा टाकताना ती काठीनं पुढं सरकवायची, हातानं नाही.

दौलत यायचा तो दिवस बाजाराचा होता. प्रयागबाई सकाळीच शेलूबाजारात भागचंदशेटच्या दुकानी गेली. वाफे मोकळे ठेवून चालणार नव्हतं, काकडी तरी लावावी असा विचार. भागचंदशेट किराणा, सरकी, गुरांची ढेप, बियाणं, सगळंच विकायचे. त्यांचा मुलगा ज्ञानचंद नागपूरच्या कॉलेजात बियांवर संशोधन करत होता आणि होळीसाठी घरी आलेला होता. दुकानाच्या ओट्यावर बसून तो भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. प्रयागबाईला पाहताच तो उठून उभाच राहिला.

"मावशी! तुमचीच आठवण काढून राह्यलो होतो. तुमची भेंडी म्हणजे काय भेंडी आहे बाप्पा! जितकी भिजवली तितकी उगवली. एक दाणा वाया गेला नाही."

प्रयागबाईला वाटलं, हा आपली टिंगल करतो आहे.

"कायची भेंडी, लेका?"

"अवो तुमच्या घरची. संक्रांतीले मी आलो होतो ना मळ्यात? तुमी शिरपूरले गेल्या होत्या. वच्छलावहिनी शेंगा फोडून राह्यल्या होत्या. म्या मागतलं तं त्यायनं ओंजळभर देल्लं."

प्रयागबाईनं ओट्याचा खांब धरला.

"वच्छलानं? तिच्या हातानं?"

"मंग काय पायानं देईन?" ज्ञानचंद हसला. "त्याच ढिगातलं."

भागचंदशेट गल्ल्यामागून म्हणाले, "प्रयागबाई, आमचं पोट्टं सहा वर्षं झाली बी भिजवणं शिकून राह्यलं. आमच्या घरी बाया रोज मटकी भिजवतात, त्याहीले कोणी डिग्री नाही देल्ली."

"बाबूजी, तुमी तं ऐकतच नाही."

"ऐकलं ना. सरकीच्या आत कारकून बसला आहे अन् चिठ्ठ्या लिहून राह्यला, असंच ना? सांग, सांग यांनाबी."

प्रयागबाई ओट्यावर टेकली. "सांग," ती म्हणाली. "मले सांग. बियाच्या आत काय असते?"

ज्ञानचंदला असा ऐकणारा माणूस घरात मिळत नव्हता. तो तिच्यासमोर मांडी घालून बसला.

"मावशी, वाळलेलं बी म्हणजे मेलेलं नाही, हे तं तुमाले ठाऊक आहे. त्याच्या आत निरोप लिहून ठेवलेले असतात. मूळ असं काढ, पान असं उघड, पोटातलं पीठ असं फोड. अन् हे निरोप पाणी लागल्यावर लिहिले जात नाहीत. थे अदूगरच लिहून होतात, कापसाचं बोंड हिरवं असतानीच. मंग मले सांगा, निरोप लिहून तयार आहे, तं बी बोंडातच काहून उगवत नाही?"

"काहून?"

"कारण त्या निरोपाले धरून ठेवणारं कोणी असते. प्रोटीन म्हणतात त्याले. दाळीत असते ना, ज्यानं अंगात ताकद येते, त्याच जातीची वस्तू, पण इतकी बारीक का डोळ्याले दिसत नाही. थे प्रोटीन निरोपाच्या अंगाले चिकटून, त्याले गुंडाळून बसते. तुमी लुगड्याच्या पदराले गाठ मारून काही ठेवता ना? आतली वस्तू शाबूत राह्यते, पण कोणाले दिसत नाही. तसं. निरोप आहे, पण वाचणाऱ्याले वाचता येत नाही. पाणी आत पोचलं का गाठ सुटते. मंग वाचणं सुरू होते अन् मूळ बाहेर."

"हे तू डोळ्यानं पाह्यलं?"

"गाठ नाही पाह्यली. कोणीच नाही पाह्यली अजून. कोणतं प्रोटीन कोणता निरोप धरते, त्याले ओळखते कसं, हे जगातल्या मोठ्या मोठ्या लोकायले धड माहीत नाही. पण निरोप अदूगरचाच असतो, हे म्या पाह्यलं." त्याचा आवाज खाली आला, आणि त्यातली गंमत गेली. "आमच्या सरांनी एक लाल औषध आणलं आहे. त्यानं नवा निरोप लिहिणंच बंद पडते. म्या त्या लाल पाण्यात सरकी भिजवली. नवा निरोप लिहिता येत नाही, म्हणजे उगवणार नाही, असं समजून झाकून ठेवली. सकाळी झाकण उघडलं अन् माह्या अंगावर काटा आला, मावशी. मुळं बाहेर! मले वाटलं, मीच चुकलो. पुन्हा केलं. पुन्हा मुळं. मंग तुमची भेंडी घेतली, कारण भेंडी कापसाच्याच खानदानातली. तिचंबी तेच. म्हणजे झाडानं मराच्या अदूगर सगळं लिहून, बांधून, पोराच्या हाती देऊन ठेवलं होतं."

दुकानात एक गिऱ्हाईक ढेप मागत उभं होतं. भागचंदशेट त्याला थांबवून ऐकत होते.

"हे बियातच?" त्यांनी विचारलं. या खेपेला त्यात टोमणा नव्हता.

"नाही बाबूजी, तुमच्या माह्या अंगातबी. अंगाच्या एकेका बारीक कणात, पेशी म्हणतात त्याले, असे हजारो निरोप असतात. कोणता आता वाचायचा, कोणता थोपवून ठेवायचा, कोणता तोडून फेकायचा, हे त्याले धरणारे ठरवतात. नाहीतं सगळेच निरोप एकदम ओरडले असते."

प्रयागबाईच्या कानात त्यातलं निम्मंच गेलं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती.

"ज्ञानू, अन् हात? कपाळ पुसलेल्या बाईचा हात बियाले लागला तं?"

तो हसायला गेला. पण तिचं तोंड पाहून त्याचं हसू तसंच राहिलं.

"हात सालीले लागते, मावशी. निरोप तं शेंग हिरवी होती तवाच लिहून झाला. त्याच्यापरेंत कोणाचा हात पोचत नाही, चांगला का वाईट. आत पोचते थे पाणी."

"मंग बी मरते कायनं?"

"जुनं झालं तं मरते. सडलं तं मरते. नाहीतं भिजवून मूळ बाहेर आल्यावर वाळवलं तं. मूळ निघाच्या अदूगर वाळवलं तं चालते, बी पुन्हा झोपी जाते. पण एकदा टोक बाहेर आलं म्हणजे निरोप वाचून झाले, कामाले लागले, झोपाचा सारा बंदोबस्त मोडला. त्यावर ऊन लागलं का खलास. पुन्हा गाठ बसत नाही." मग त्याला काहीतरी वाटलं. "तुमाले तं हे माह्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"माहीत आहे," प्रयागबाई म्हणाली.

ते शब्द तिच्या तोंडातून बाहेर पडले आणि तिलाच ऐकू आले. माहीत आहे. लहानपणापासून माहीत होतं. तिच्या आईनं तिला ते परकर नेसायच्या वयात सांगितलं होतं. डोळ्यांसमोर पत्रा आला, त्यावर पसरलेली पांढरी टोकं आली, त्यांचा झालेला कोंडा आला, आणि तो आपणच फुंकून उडवला हे आलं. बी वच्छलानं मारलं नव्हतं. ते धुणाऱ्या हातांनी मेलं होतं.

ज्ञानचंद आत जाऊन कागदाची पुडी घेऊन आला. "उरलेलं आहे थोडंसं. तुमचंच आहे, घ्या. अन् नागपूरले झाडं लावली आहेत, दिवाळीपरेंत आणखी आणून देतो."

सवयीनं तिनं पदर पुढं केला. हातात बी घ्यायचं नाही, पदरात घ्यायचं. ज्ञानचंदनं पुडी पदरात टाकली.

ती निघाली. काकडीचं बी मागायचं राहूनच गेलं. बाजाराच्या तोंडाशी रिकाम्या पाट्या रचून ठेवलेल्या होत्या, तिथं ती उभी राहिली आणि पदरातली पुडी सोडली. मग तिनं हात घातला. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा. दाणे गोल, थंड, बारीक लव असलेले. चिमटीत धरताच तिला कळलं, की नवं बी आहे, भरलेलं आहे. बोटं काही विसरली नव्हती. एवढी वर्षं त्यांनी बियाशिवाय काढली होती, कोणाला काही होऊ नये म्हणून. आणि ते पोरगं सांगत होतं, की हात तिथवर पोचतच नाही. मग ही वर्षं कशासाठी गेली? तिला रडूही आलं नाही. एक बाई पाटी घ्यायला आली आणि म्हणाली, "काय झालं वो प्रयागबाई, कोणी मेलं का?" तिनं पुडी पुन्हा पदरात बांधली आणि घराची वाट धरली.

ती घरी पोचली तेव्हा दौलत आलेला होता. जीप सडकेवर उभी करून तो अंगणात बाजेवर बसला होता. समोर वच्छलाची पत्र्याची पेटी आणि एक गाठोडं. पंजाबराव खांबाला टेकून खाली पाहत होता. वच्छला दारात उभी होती.

"वच्छला कुठी जाणार नाही," प्रयागबाई आल्या पावली म्हणाली. "बी म्या मारलं."

पंजाबरावानं मान वर केली. "काय बोलून राह्यली माय?"

तिनं सांगितलं. थांबत थांबत, पण सगळं सांगितलं. गुंडी, गंगाजळ, अमावस्या, पांढरी टोकं, पत्रा. आणि वच्छलाच्या हातचंच बी नागपूरला सगळं उगवलं, हेही सांगितलं.

पंजाबराव खांबापासून दूर झाला. "दोन रात्री भिजवलं? अन् मोड आल्यावर उन्हात? माय, तुले कोणी अक्कल शिकवाची? मले काहून नाही सांगतलं?"

"तू हासला असता."

"हासलो असतो तं बी वाचलं असतं!"

ती खाली बसली. तिला वाटलं होतं, की खरं बोललं की सगळं मिटेल. पेटी आत जाईल, चहा होईल. पण दौलत बाजेवरून उठला होता, आणि त्याचा चेहरा आला तेव्हापेक्षा जास्त काळा पडला होता.

"म्हणजे असं आहे, बाई. माह्या बहिणीचा हात लागला म्हणून तुमाले गंगा लागली. मले वाटलं, बी मेलं म्हणून राग आहे, माणसाले राग येते. आता समजलं का बी मराच्या अदूगरच तुमच्या मनात ती विटाळ होती. मंग आता तं नेतोच तिले. चाल व वच्छे."

या बाजूनं प्रयागबाईनं पाहिलंच नव्हतं. वाटभर तिला बी दिसलं होतं, स्वतःचे हात दिसले होते. वच्छलाचं तोंड दिसलं नव्हतं.

वच्छला दारातून पुढं आली.

"आत्याबाई, थे गंगाजळ तुमी मराच्या वेळेसाठी ठेवलं होतं ना?"

"हो, माय."

"थे सारं माह्या हातासाठी ओतलं?"

प्रयागबाईनं होकाराची मान हलवली.

वच्छलानं दोन्ही तळवे तिच्यासमोर धरले. कातडी पांढरी पडून सोललेली होती, बोटांच्या पेरांना चिरा गेल्या होत्या. "बी उगवलं नाही तवापासून मी राखेनं हात घासून राह्यली. दिवसातून कितीकदा घासते, माहं मलेच ठाऊक नाही. मले वाटे खरंच यायच्यात काहीतरी आहे. शेषराव गेले थेबी यायच्यानंच गेले असतीन, असं वाटे." तिचा आवाज चढला नाही. "मले तं मलेच भ्याव वाटून राह्यलं होतं, आत्याबाई."

सडकेवरून जीपवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला.

"चाल," दौलत पुन्हा म्हणाला.

"तू जेवून जाय, दादा. मी येत नाही." वच्छला पंजाबरावाकडे वळली. "भाऊजी, अर्धा मळा माह्या मालकाचा होता. तो मले वेगळा करून द्या. आज."

"वेगळा?" पंजाबराव गडबडला. "अवो, आता तं सारं मिटलं ना? माय चुकली म्हणून राह्यली. एका घरात राहून कोणी वावर वेगळं करते का?"

"घर एकच राहू द्या. भाकरी मी साऱ्यायची टाकीन. वावर वेगळं पाह्यजे. माह्या तुकड्यात मी माह्या हातानं पेरीन. उगवलं तं माहं, नाही उगवलं तं माहं. पुन्हा कोणी धुवाले नाही पाह्यजे."

"पण तलाठ्याकडे जा लागन, सातबारा..."

"कागद मागून. खुंट्या आज ठोका."

पंजाबरावानं आईकडे पाहिलं. तिनं रागावून 'नाही' म्हणावं, आणि आपल्याला बोलावं लागू नये, अशी त्याची अपेक्षा दिसत होती. प्रयागबाईनंही राग शोधला. सुनेनं पाया पडावं, रडावं, की आपण तिला पोटाशी धरू, असं काहीतरी वाटेत तिच्या मनात होतं. वाटणी मागितली जाईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. नवऱ्यानं आणि सासऱ्यानं एकत्र राखलेला मळा होता तो. पण राग काही सापडेना.

ती उठली. गोठ्यात मोटेच्या वेळचा जुना दोर खुंटीला होता, तो तिनं काढला आणि खांद्यावर घेतला.

"माय!" पंजाबराव म्हणाला.

"खुंट्या घे अन् चाल. ऊन चढून राह्यलं."

मळ्यात तिघं गेली. मागून दौलतही आला आणि बांधावर उभा राहिला. जीपला त्यानं हातानंच जा म्हणून सांगितलं. विहिरीपासून वरच्या बांधापर्यंत मळा दुभागायचा होता, ते रिकामे वाफे मधोमध येत होते. प्रयागबाईनं दोराचं एक टोक वच्छलाला दिलं, दुसरं आपल्या मनगटाला गुंडाळलं. मग तिला आठवलं आणि तिनं पदरातली पुडी सोडून सुनेसमोर धरली.

"हे नागपूरहून उरलेलं. तुह्याच हातचं आहे."

वच्छलानं पुडी घेतली, कमरेला खोचली आणि दोर ओढत वरच्या बांधाकडे चालू लागली. पंजाबराव हातात खुंट्या घेऊन मधे उभा होता, पण कुठं ठोकायच्या हे विचारायचं धाडस त्याला होत नव्हतं. दोर वाफ्यांवरून सरकत गेला, ढेकळांत अडकला, सुटला. वच्छला बांधावर पोचली, वळली, आणि एक डोळा मिटून तिनं रेषेवरून खाली पाहिलं.

"आत्याबाई, ताणा जरा! मधात झोल पडून राह्यला. माह्याकडचं तुमच्याकडे जाऊन राह्यलं."

इतक्या मोठ्यानं ती या मळ्यात कधी बोलली नव्हती. प्रयागबाईनं दोराचा एक वेढा कमरेला घेतला, पाय मातीत रोवले आणि ताणला.

"आता?"

"अजून."

तिनं अजून ताणला.